तो घरी आलाय, पण बोलत नाही

प्रिय पोरी,

काल रात्री फोनवर तू एवढंच म्हणालीस, "काकू, तो घरी आलाय, पण नुसता भिंतीकडे बघत बसलाय. मी काय करू?" मागे लेक रडत होती, म्हणून मी तुला फार वेळ धरून ठेवलं नाही. रात्री झोप लागली नाही. मनात जे आलं ते लिहून पाठवते आहे. एका बैठकीत वाचायची गरज नाही, जमेल तसं वाच.

तुला सगळ्यात जास्त काय लागलंय ते मला कळतं. एवढं घडलं आणि तो माझ्याशी बोलत नाही, हे. पण तुझ्या नवऱ्याच्या बाजूने कालचा दिवस बघ. गोळीबारात त्याच्या बरोबरचा पोलीस डोळ्यांदेखत गेला. याच्याही हातून गोळी सुटली. मग याचं पिस्तूल तपासणीसाठी जमा झालं, रक्ताचे डाग पडलेले कपडे पुरावा म्हणून काढून घेतले, एकट्याला बसवून जबाब घेतला आणि घटनेबद्दल बाहेर कुठे बोलायचं नाही अशी ताकीदही दिली असेल. गोळीबार झाला की हे होतंच, त्यात त्याच्यावर संशय आहे असं काही नसतं. पण ज्याच्या कमरेचं पिस्तूल काढून घेतात, त्याला आपण गुन्हेगार असल्यासारखं वाटतं. हे तो तुला सांगणार नाही.

दुसरं कारण शरीराचं आहे. जीवावर बेततं तेव्हा माणसाची नजर समोरच्या एका गोष्टीला चिकटते. कानाशी उडालेली गोळी ऐकू येत नाही, किंवा कुठून तरी लांबून आल्यासारखी वाटते. दोन सेकंद दोन मिनिटांएवढे होतात. नंतर आठवायला जावं तर मधले तुकडे गायब असतात, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी झालेलं असतं. गोळीबारातून गेलेल्या पोलिसांशी बोलून जे अभ्यास झाले, त्यांत पुष्कळांनी हेच सांगितलंय. त्यामुळे "आधी कोणी गोळी झाडली? तू कुठे होतास?" असं तू विचारलंस, तर त्याच्याकडे धड उत्तर नसेल. आणि उत्तर नाही म्हटल्यावर तो स्वतःवरच संशय घेईल.

मी हीच चूक केली होती. आमच्या घरी असा दिवस आला तेव्हा मला बातमी टीव्हीवरून कळली. दोन पोलीस जखमी, नावं नाहीत. चार तास मी फोन हातात धरून बसले होते. ते आले, हाताला पट्टी होती, आणि मी पहाटेपर्यंत प्रश्न विचारत राहिले. मला सगळं माहीत करून घ्यायचं होतं, कारण ते चार तास मी एकटीने काढले होते. त्यांनी दोन-तीन वाक्यं सांगितली आणि मग कूस बदलली. त्यानंतर अकरा वर्षं त्या दिवसाचा विषय आमच्या घरात निघाला नाही. सगळा दोष माझ्या प्रश्नांचा होता असं नाही. पण ती रात्र मला परत मिळाली, तर मी नुसती त्यांच्या शेजारी बसेन.

म्हणून तूही शेजारी बस. हात धरू दिला तर धर. "तुला वाटेल तेव्हा सांग, नाही सांगितलंस तरी मी इथे आहे," एवढं एकदाच म्हण.

कुणी म्हणेल, त्याला आजच्या आज समुपदेशकाकडे न्या, सगळं ओकून टाकू द्या. त्या म्हणण्याला मान देऊ नकोस. धक्क्यानंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याची पद्धत पुष्कळ वर्षं चालली. २००२ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने त्यावरच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा तिने पुढचा आजार टळतो असं दिसलं नाही. एका प्रयोगात तर वर्षभराने त्रास वाढलेला आढळला. त्याने होऊन बोलायला घेतलं तर ऐक, पण खणून काढू नकोस. दलाचा समुपदेशक भेटायला येणार असेल तर येऊ दे, त्याची ओळख नंतर उपयोगी पडेल.

घरातला टीव्ही बंद ठेव. तोच क्षण पुन्हा पुन्हा दाखवतात, आणि लेक तो दर वेळी नव्याने घडतोय असं समजते. फोन एका माणसाकडे सोपव, तुझ्या भावाकडे दे. नातेवाइकांना काय सांगायचं ते त्याला दोन ओळींत लिहून दे. कुठलाही फोटो पुढे पाठवू नकोस, कोणी पाठवला तर उघडू नकोस.

लेकीला मात्र तूच सांग, आणि आजच. बाबांच्या बरोबरचे ते काका झोपलेत, देवाघरी फिरायला गेलेत, असं नको. ती पाच वर्षांची आहे. या वयात मुलांना वाटतं की गेलेला माणूस परत येतो. आणि झोपले म्हटलंस तर ती उद्यापासून झोपायला घाबरेल. काका मेले, त्यांचं शरीर चालायचं थांबलं, ते परत येणार नाहीत, असं साधं सांग. ती दहा वेळा विचारेल. दहाही वेळा तेच सांग. मग कधीतरी ती विचारेल, बाबापण मरणार का? "कधीच नाही" असं वचन देऊ नकोस. बाबा आत्ता घरी आहेत, ते काळजी घेतात, बरोबरची माणसंही त्यांची काळजी घेतात, आणि तुझ्याजवळ आम्ही आहोत, असं सांग. शाळेतल्या बाईंनाही आधीच कळव. नाहीतर वर्गातल्या मुलांकडून काहीतरी भलतंच तिच्या कानावर पडेल.

आता मला खरं जे सांगायचंय ते. आज तुझ्या घरी माणसांची रीघ आहे. आठवड्याने ती थांबेल, आणि तुझी खरी कसोटी तेव्हा लागेल. पहिले काही दिवस झोप उडणं, दचकणं, चिडणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं, हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. डॉक्टरसुद्धा आघातानंतरच्या त्या आजाराचं निदान महिना उलटल्याशिवाय करत नाहीत. तेव्हा कॅलेंडरवर एक महिन्यानंतरच्या तारखेला खूण कर. त्या दिवशी बघ, झोप परत आली का, लेकीशी खेळतो का, त्या रस्त्याने जायचं टाळतो का. ओसरत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्याला न्यायला जमेना, तर आधी तू एकटी जा.

झोपेसाठी तो दारूकडे वळेल, पुष्कळजण वळतात. ती झोप लावते आणि मध्यरात्रीनंतर मोडते, मग दुसऱ्या दिवशी आणखी लागते. हे त्याला एकदा शांतपणे सांग, भांडणात सांगू नकोस.

एक गोष्ट लिहिताना माझा हात थरथरतोय. पिस्तूल त्याला परत मिळेल, तेव्हा काही महिने ते ठाण्यातच जमा राहील असं त्याच्या वरिष्ठांशी बोलून ठरव. तो "मी नसतो तर बरं झालं असतं" असं म्हणाला, किंवा अचानक आवराआवर करायला लागला, तर सरळ विचार, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट ज्याच्या मनात आहे त्याला बोलायला जागा मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नकोस, त्याच तासाला दवाखान्यात ने आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

आणि तिच्याकडे जा. जिचा नवरा गेला तिच्याकडे. तुला अपराधी वाटेल, तुझा आलाय आणि तिचा नाही. तुझ्या नवऱ्याला तर ते दार बघवणार नाही. तरी जा. काही लागलं तर सांग, असं म्हणू नकोस, ती सांगणार नाही. पेन्शनचे कागद घेऊन तिच्याबरोबर कचेरीत बस, मुलांना शाळेत सोड. दोन महिन्यांनी जा, पहिल्या सणाला जा. नवऱ्याला एकदा बरोबर ने, तो तयार होईल तेव्हा.

मी रविवारी दुपारी येते आहे. त्याच्याशी काही बोलणार नाही, लेकीला घेऊन बाहेर जाईन. तेवढे दोन-तीन तास तू झोप.

तुझी,
काकू