रिसीव्हर ड्राफ्टमध्ये वर जातो तो प्रशिक्षकामुळे की अंगच्या गुणांमुळे?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकन फुटबॉलमध्ये २०२२ ते २०२५ सलग चार वर्षं ओहायो स्टेट कॉलेजचा कोणी ना कोणी रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाने कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, पहिल्या फेरीत गेला. हे तिथे रिसीव्हरांना शिकवणाऱ्या ब्रायन हार्टलाइनमुळे झालं, की तिथे येणारी मुलंच तशी असतात? आणि शनिवारचा कॉलेजचा सामना टीव्हीवर बघताना पुढे टिकणारा रिसीव्हर आपल्याला ओळखता येईल का?

वेग, उंची, हातांची लांबी कोणताही प्रशिक्षक देत नाही. तो समोरच्या कॉर्नरबॅकच्या (रिसीव्हरवर पहारा देणारा बचावपटू, थोडक्यात कॉर्नर) तावडीतून सुटायचं तंत्र देतो आणि वळण घ्यायची शिस्त लावतो. शिवाय त्या मुलाच्या फिल्मवर, म्हणजे सामन्यांच्या चित्रणात, काय दिसणार हेही तोच ठरवतो, आणि माझ्या मते ड्राफ्टच्या दृष्टीने हेच सगळ्यांत मोठं आहे. एखाद्याला दोन हंगाम तीनच रूट (धावायचे ठरलेले मार्ग) पळायला लावले, तर स्काउटला (संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याला) तीनच रूट दिसणार. उरलेले त्याला जमत नाहीत की त्याला कधी सांगितलेच नाहीत, हे फिल्मवरून कळत नाही. रिसीव्हरच्या बाबतीत ड्राफ्टमधल्या मोठ्या चुका बहुतेक इथेच होतात, दोन्ही बाजूंनी.

आधी ओहायो स्टेट. हार्टलाइन तिथलाच खेळाडू. २००९ मध्ये चौथ्या फेरीत मायामी डॉल्फिन्सकडे गेला, २०१२ आणि २०१३ या दोन्ही हंगामांत त्याने झेलांवर हजारांहून जास्त यार्ड मिळवले. २०१८ मध्ये त्याच्याकडे रिसीव्हरांची जबाबदारी आली. त्यानंतर २०२२ च्या ड्राफ्टमध्ये गॅरेट विल्सन दहावा आणि क्रिस ओलावे अकरावा, २०२३ मध्ये जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा विसावा, २०२४ मध्ये मार्विन हॅरिसन ज्युनियर चौथा, २०२५ मध्ये एमेका एग्बुका एकोणिसावा. विल्सन आणि एग्बुका शाळेतूनच पाच तारे, म्हणजे शालेय खेळाडूंना मिळणारा सर्वोच्च दर्जा, घेऊन आले होते आणि हॅरिसनचे वडील हॉल ऑफ फेममधले रिसीव्हर, तेव्हा माती मुळातच चांगली होती हे मान्य. पण ओलावे तीन ताऱ्यांचा मुलगा. त्याच्यासारखी मुलं देशभर शेकड्यांनी असतात, आणि ती सगळी अकराव्या क्रमांकावर जात नाहीत. त्यातच रोजच्या सरावात समोर कोण उभं असतं तेही धरा. ओलावे आणि विल्सन यांच्या सुरुवातीच्या काळात तिथे जेफ ओकुडा कॉर्नर होता, जो २०२० मध्ये तिसरा गेला. अशा माणसासमोर रोज वीस-पंचवीस वेळा सुटायचा प्रयत्न केला की चुका आपोआप उघड्या पडतात.

मला मात्र ओहायो स्टेटच्याच टेरी मॅकलॉरिनचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. २०१८ च्या हंगामात त्याचे झेल फक्त ३५, यार्ड ७०१. हे आकडे पहिल्या तीन फेऱ्यांचे नव्हेत. पण त्या ३५ मध्ये ११ टचडाउन (शेवटची रेषा ओलांडून मिळवलेले गुण) होते, पंट म्हणजे लाथेने दूर मारलेला चेंडू गेला की सर्वांत आधी धावत जाऊन परतवणाऱ्याला पाडायचं कामही तो करायचा, आणि सीनियर बोलच्या (कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा ड्राफ्टआधीचा सामना) सरावात एकास एक झुंजीत त्याने कॉर्नरना मागे टाकलं. २०१९ मध्ये ७६ व्या क्रमांकावर वॉशिंग्टनने घेतला आणि पहिल्याच वर्षी ९१९ यार्ड. झेलांचा आकडा संघात चेंडू किती जणांत वाटला जातो यावर ठरतो. सुटणं हे त्याचं स्वतःचं असतं.

आता तंत्राकडे येऊ, कारण प्रशिक्षकाचा हात इथे दिसतो.

कॉर्नर नाकासमोर उभा आहे, म्हणजे प्रेस. रिसीव्हरचं बहुतेक वजन पुढच्या पायावर हवं. स्नॅप होताच (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होताच) मागचा पाय पुढे यायला हवा. न शिकवलेला मुलगा आधी पुढचा पाय किंचित मागे घेतो आणि मग निघतो. ते अर्धं पाऊल म्हणजे फुकट गेलेला वेळ, आणि तेवढ्यात कॉर्नरचा हात छातीवर येतो. दुसरी सर्रास चूक म्हणजे जागच्या जागी पाय नाचवणं. बघायला छान दिसतं, पण कॉर्नर हललेलाच नसतो. योग्य पद्धत अशी की कॉर्नरच्या एका खांद्यावर धावून जायचं, त्याला कंबर वळवायला लावायची आणि मग दुसरी बाजू घ्यायची. खो-खोत धावणारा खांबाजवळ खांदा एकीकडे टाकून पाय दुसरीकडे काढतो, ती हुलकावणी डोळ्यांसमोर आणा. पायांबरोबर हातही चालले पाहिजेत: त्याचा पुढे आलेला हात मनगटापाशी झटकायचा आणि लगेच आपला दुसरा हात त्याच्या काखेखालून वर काढायचा. झटकला पण हात वर काढला नाही, तर तो मागून जर्सी धरतो.

सुटल्यावरचं पाऊल बरेच जण विसरतात. कॉर्नरच्या बाजूने निघालात तरी दोन-तीन पावलांत पुन्हा त्याच्या थेट पुढे यायला हवं, म्हणजे तो पाठीवर राहतो आणि चेंडूपर्यंत पोहोचायला त्याला तुमच्या अंगावरूनच यावं लागतं. बाहेरच्या बाजूने सुटलेला रिसीव्हर तसाच सरळ पळत राहिला तर सीमारेषेकडे दाबला जातो. क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला) चेंडू टाकायला रेषेच्या आत चार-पाच यार्डांची पट्टी लागते. ती संपली की कितीही वेग असला तरी तो रूट मेला.

दुसरी गोष्ट वळणाची. बारा यार्डांवर आत वळायचा रूट, डिग, घ्या. पूर्ण वेगात असताना दोन-तीन पावलांत थांबून वळायचं, त्यासाठी कंबर खाली, छाती गुडघ्यांवर, आणि हात धावताना हलतात तसेच हलत राहिले पाहिजेत. ज्याचे हात थांबतात किंवा जो वळणाआधी ताठ उभा होतो, तो कॉर्नरला आधीच सांगून टाकतो. वळल्यावरही रेषा सपाट हवी. गोल वळून तेराव्या-चौदाव्या यार्डाकडे सरकत गेला, तर कॉर्नर त्याच्या आणि क्वार्टरबॅकच्या मध्ये घुसतो. अशा चेंडूवर होणारा इंटरसेप्शन (बचावपटूने मध्येच झेललेला पास) टीव्हीवर क्वार्टरबॅकच्या नावावर लागतो, प्रत्यक्षात बऱ्याचदा तो रिसीव्हरच्या पायांचा असतो. पंधरा यार्डांवरून बाराकडे परत यायच्या कमबॅकमध्येही तेच: चेंडूकडे धावत यायचं, उभं राहून वाट बघायची नाही.

हातांचं थोडक्यात. छातीच्या वर आलेला चेंडू अंगठे जवळ ठेवून, खाली आलेला करंगळ्या जवळ ठेवून, अंगापासून दूर घ्यायचा. सुटलेले झेल बहुतेक नजरेमुळे सुटतात, चेंडू काखेत जायच्या आतच मान पुढे वळलेली असते. ही खोड सरावाने सुधारते. चेंडू छातीवर अडवून घ्यायची खोड मात्र चिवट असते, ती दिसली तर मी त्या मुलाला एक फेरी खाली धरतो.

मैदानाचा फरकही लक्षात घ्या. मैदानावर लांबीच्या दिशेने हॅश खुणांच्या दोन रेषा असतात आणि प्रत्येक खेळ त्यांवर किंवा त्यांच्या मधून सुरू होतो. कॉलेजमध्ये या हॅश रेषांमध्ये ४० फूट अंतर, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूट. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू एका हॅशवर असला की जवळच्या सीमारेषेपर्यंत २० यार्ड आणि लांबच्या रेषेपर्यंत ३३ यार्डांहून जास्त. त्यामुळे अरुंद बाजूचा रिसीव्हर कमी जागेत, नाकासमोरच्या कॉर्नरशी झुंजतो, तर रुंद बाजूच्या रिसीव्हरसमोर पुष्कळदा मोकळं रान असतं. एनएफएलमध्ये इतकं मोकळं रान मिळत नाही. म्हणून अरुंद बाजूला उभं राहून मिळवलेले ८०० यार्ड मला रुंद बाजूच्या ११०० यार्डांपेक्षा मोलाचे वाटतात. शिवाय कॉलेजमध्ये एक पाय आत पडला तरी झेल वैध, एनएफएलमध्ये दोन लागतात. चांगले प्रशिक्षक पहिल्या वर्षापासून दोन पायांचाच सराव घेतात, आणि ते सीमारेषेवरच्या झेलांत लगेच दिसतं.

आता कॉलेजच्या खेळपद्धतीमुळे फसगत कशी होते ते. बेलर कॉलेजचा कोरी कोलमन २०१५ चा बिलेटनिकॉफ पुरस्काराचा विजेता, म्हणजे देशातला कॉलेजचा सर्वोत्तम रिसीव्हर. बेलर त्या काळात रिसीव्हरना जवळजवळ सीमारेषेपर्यंत पसरून उभं करायचं, रूट मोजके, खेळ झपाट्याचा. बचावाला पसरावंच लागायचं, मग एक लांब धाव आणि टचडाउन. २०१६ मध्ये ब्राउन्सनी त्याला पंधरावा, सर्व रिसीव्हरांत पहिला घेतला आणि दोन हंगामांनंतर दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. दुखापती होत्याच, पण एनएफएलचा पूर्ण रूट-संच त्याला नवीन होता, हेही तितकंच खरं.

उलट बाजू डीके मेटकाफ. ओल मिस कॉलेजमध्ये त्यालाही मोजकेच रूट होते आणि २०१८ चा हंगाम मानेच्या दुखापतीने अर्धवट राहिला. कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) २२८ पौंड वजनाने ४० यार्ड ४.३३ सेकंदांत धावला, पण तीन शंकूंच्या चाचणीत ७.३८ सेकंद लागले. ‘हा वळूच शकत नाही’ असा निष्कर्ष निघाला आणि २०१९ मध्ये तो ६४ व्या क्रमांकापर्यंत घसरला, आधी आठ रिसीव्हर गेले. सीअ‍ॅटलला गेल्यावर दुसऱ्याच वर्षी १,३०३ यार्ड. त्याच ड्राफ्टमध्ये अ‍ॅरिझोना स्टेटचा एन’कील हॅरी ३२ वा गेला. त्याची ख्याती होती अंगावर कॉर्नर घेऊन झेल पकडण्याची. अशा झेलांच्या फिती बघताना एक प्रश्न विचारायचाच: कॉर्नर इतका जवळ आलाच कसा? एनएफएलमध्ये हॅरीला सुटणं जमलं नाही आणि पॅट्रियट्सनी त्याला तीन हंगामांनंतर दुसऱ्या संघाला देऊन टाकलं.

जस्टिन जेफरसनचं प्रकरण प्रशिक्षकाच्या अंगाने सगळ्यांत स्वच्छ आहे. २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्समधून जो ब्रेडी हा प्रशिक्षक जेफरसनच्या एलएसयू (लुइझियाना स्टेट) कॉलेजमध्ये आला आणि पासिंगचा खेळ बदलला. जमार चेस आणि टेरेस मार्शल बाहेर, जेफरसन आत स्लॉटमध्ये, म्हणजे बाहेरचा रिसीव्हर आणि मधली रांग यांच्यामधल्या जागेत. त्याचे १११ झेल, १,५४० यार्ड, १८ टचडाउन. तरी ड्राफ्टच्या वेळी शंका अशी की स्लॉटमध्ये प्रेस क्वचित होतो, हा बाहेर टिकेल का? २०१८ मध्ये तो बाहेरच खेळला होता, ५४ झेल आणि ८७५ यार्ड, तेही आधीच्या साध्या पद्धतीत. ती फिल्म उपलब्ध होती. तरी २०२० मध्ये चार रिसीव्हर त्याच्या आधी गेले, २२ व्या क्रमांकावर व्हायकिंग्जना मिळाला आणि पहिल्याच वर्षी १,४०० यार्ड. प्रशिक्षकाने संघाच्या गरजेसाठी हलवलेल्या खेळाडूची आदल्या वर्षीची फिल्म बघितलीच पाहिजे.

नुसत्या घड्याळावर जाऊ नका हेही सांगून ठेवतो. २०१७ मध्ये जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावून नववा गेला. त्याच वर्षी ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या छोट्या कॉलेजचा कूपर कप ४.६२ धावून ६९ वा. २०२१ मध्ये कपने झेल (१४५), यार्ड (१,९४७) आणि टचडाउन (१६) या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला.

आता टीव्हीवर काय बघायचं. अडचण अशी की स्नॅप झाला की कॅमेरा चेंडूवर राहतो आणि रिसीव्हर चौकटीबाहेर जातो. म्हणून स्नॅपच्या आधीचे दोन सेकंद वापरा: तो खेळ सुरू होतो त्या रेषेवर उभा आहे की मागे, अरुंद बाजूला की रुंद, आणि कॉर्नर नाकासमोर आहे की सात यार्ड मागे. नंतरचा रिप्ले गोलपोस्टच्या मागून दाखवला तर पावलं आणि कंबर त्यातच दिसते, तो चुकवू नका.

एक कागद घ्या, चार रकाने करा. पहिल्यात रेषेच्या मागे किंवा आसपास दिलेले छोटे पास (स्क्रीन) आणि धावेचा आभास करून टाकलेले झटपट स्लँट (आत तिरकं धावायचा रूट). दुसऱ्यात मोकळ्या जागेत थांबून घेतलेले झेल, जिथे जवळ कोणी नव्हतं. तिसऱ्यात प्रेस किंवा एकास एक पहाऱ्यातून सुटून घेतलेले. चौथ्यात कॉर्नर अंगावर असताना घेतलेले. चेंडू त्याच्याकडे टाकला पण झेल झाला नाही, तरी नोंद करा. एका सामन्यात त्याच्याकडे साधारण सात ते दहा चेंडू येतात, त्यामुळे तीन सामने तरी हवेत.

पहिला रकाना भरलेला असेल तर तो खेळ प्रशिक्षकाच्या आखणीचा आहे, मुलाला त्याचं श्रेयही नाही आणि दोषही नाही. तिसरा रकाना भरणारा मुलगा कितव्याही फेरीत जावो, त्याच्यावर लक्ष ठेवा. चौथा भरलेला आणि तिसरा रिकामा असेल तर सावध व्हा. तीन सामने निवडताना ज्या विरोधी संघांचे कॉर्नर स्वतः ड्राफ्टच्या यादीत आहेत तेच निवडा, आणि तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड गाठायच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) सात-आठ यार्ड हवे असताना क्वार्टरबॅक कोणाकडे बघतो त्यापुढे वेगळी खूण करा. त्या वेळी बचावालाही पास येणार हे माहीत असतं.

प्रत्येक झेलाशेजारी रूटचं नावही लिहा. तीन सामन्यांत स्लँट, हिच (थोडं पळून थांबायचा रूट) आणि सरळ धाव याखेरीज काहीच आलं नाही, तर त्या मुलाबद्दल मत तिथेच थांबवा आणि सीनियर बोलच्या सरावाची वाट बघा. तिथे प्रशिक्षक एनएफएलचे असतात आणि पूर्ण रूट-संच पळवून घेतात. तिसऱ्या वर्षीच बाहेर पडणारे बहुतेक जण तिथे नसतात. त्यांच्यासाठी कॉलेजच्या प्रो-डेला (स्काउटांसमोर कॉलेजातच होणाऱ्या चाचणीला) पळवले जाणारे रूट तेवढे उरतात, पण तिथे समोर कॉर्नर नसतो, तेव्हा फक्त वळणं आणि हात बघा.