मुलुंडचा सातबारा आणि मेंढ्याचा बांबू

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात अचानक ‘खाजगी वन’ अशी नोंद झाली आणि घर विकणे, कर्ज काढणे, सारेच कित्येक वर्षे अडून राहिले. त्याच सुमारास गडचिरोलीत एका गावाच्या हाती जंगल आल्याचे वाचले. एकाच देशाचे वनधोरण दोन ठिकाणी इतके वेगळे कसे वागते? (एक वाचक, मुलुंड पश्चिम)

उत्तर : आपल्याकडे वनधोरण बदलते तेव्हा जुना कायदा सहसा रद्द होत नाही, नवा कायदा त्याच्या शेजारी येऊन बसतो. १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे, आणि त्याचा गाभा १८७८ च्या कायद्यातला, म्हणजे रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड हव्या असलेल्या परक्या सरकारचा आहे. १९५२ च्या धोरणाने एक तृतीयांश भूमी वनाखाली असावी असे लक्ष्य ठेवले, परंतु गावाच्या गरजेपेक्षा राष्ट्राची गरज मोठी मानली. खरा कलाटणीचा क्षण १९८८ चा. त्या वर्षीच्या धोरणाने महसुलाला दुय्यम स्थान देऊन पर्यावरणाचा समतोल आणि वनालगतच्या लोकांच्या गरजा पुढे आणल्या.

आपली अडचण मात्र त्याहून जुनी आहे. १९५६-५७ मध्ये मुलुंड परिसरातील जमीनमालकांना १९२७ च्या अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली नोटिसा निघाल्या. जमिनीवरील झाडतोडीवर निर्बंध का घालू नयेत, याबाबत केवळ म्हणणे मांडण्यासाठीची ती नोटीस होती आणि पुढचा अंतिम आदेश झालाच नाही. पुढे ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातील खाजगी वने संपादन करण्याचा कायदा लागू झाला व अशी नोटीस निघालेली जमीनही त्याच्या व्याख्येत आली. मधल्या काळात रीतसर परवानग्या घेऊन तेथे इमारती उभ्या राहिल्या, माणसांनी आयुष्याची पुंजी त्यांत घातली, आणि अर्ध्या शतकापूर्वीचा कागद त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तडीस न नेलेल्या नोटिशीमुळे जमीन वन ठरत नाही, असा निर्णय दिला. तो न्याय्यच होता, असे मला मनापासून वाटते.

आता गडचिरोली. मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने बांबू तोडला, विकायला काढला, आणि गाडी वाहतूक परवान्यापाशी अडली. नवा कायदा बांबूला गौण वनउपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारी वस्तू म्हणत होता, तर १९२७ चा अधिनियम त्याला झाड म्हणत होता, म्हणून वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता. (वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे.) गावाच्या हक्काचा बांबू गावाच्या वेशीबाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडावे लागले, तोही केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा. झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो त्यानंतर आणखी सहा वर्षांनी, २०१७ मध्ये. हक्क कागदावर येणे आणि तो वापरता येणे यांतले हे अंतर मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत क्लेशदायक गोष्ट वाटते.

म्हणजे मुलुंड आणि मेंढा या दोन्ही ठिकाणी आड आला तो एकच, १९२७ चा अधिनियम.

वन कशाला म्हणावे हा प्रश्न अजूनही मिटलेला नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वनच, असे ठरवले. १९८० च्या वन संवर्धन कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षणाची कक्षा प्रामुख्याने अधिसूचित आणि २५ ऑक्टोबर १९८० पासून सरकारी दफ्तरात वन म्हणून नोंदलेल्या जमिनींपुरती आणली. त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन १९९६ चा व्यापक अर्थ तूर्त कायम ठेवला. आपल्या इमारतीखाली जंगल नसताना नोंद होती. आता प्रश्न आहे तो जंगल असून नोंद नसलेल्या जमिनींचा.