संश्लेषक भागाकारात शून्य का लिहायचे आणि चिन्ह का बदलायचे?

२क्ष³ − ७क्ष + ५ या बहुपदीला क्ष + २ ने संश्लेषक पद्धतीने भागताना उत्तर का चुकते, असा आपला प्रश्न आहे. या बहुपदीत क्ष² चे पद दिसत नसले तरी त्याचा सहगुणक ० आहे, आणि तो वगळला की पुढचा प्रत्येक अंक एक घर सरकून चुकीच्या घाताखाली जातो. म्हणून सहगुणक २, ०, −७, ५ असेच मांडावेत. भाजक क्ष + २ असल्याने डावीकडे −२ लिहावा, कारण क्ष = −२ घेतल्यावरच भाजक शून्य होतो आणि नेहमीच्या भागाकारातील वजाबाकीऐवजी येथे बेरीज करता येते.

पहिला २ तसाच खाली उतरवावा. त्याला −२ ने गुणून आलेले −४ हे ० मध्ये मिळवल्यास −४, पुढे −७ + ८ = १ आणि शेवटी ५ − २ = ३ मिळतात. म्हणजे भागाकार २क्ष² − ४क्ष + १ आणि बाकी ३.

ही रीत खरे तर बहुपदी ((२क्ष + ०)क्ष − ७)क्ष + ५ अशी कंसांत मांडून क्ष = −२ साठी तिची किंमत काढते, आणि शेष सिद्धांतानुसार तीच बाकी असते; या पद्धतीचे खरे सौंदर्य मला येथेच वाटते.

भाजक २क्ष − १ असेल, तर १/२ घेऊन भागावे व भागाकाराचे सहगुणक २ ने भागावेत. बाकीला मात्र हात लावू नये.