पुन्हा तीच वारी की नवी वाट?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार. गेल्या वर्षी ऑफिसातून रजा टाकून माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालले. त्याआधी सलग पाच किलोमीटरसुद्धा कधी चालले नव्हते, पण झालं सगळं, आणि तेव्हापासून वारी डोक्यातून जातच नाहीये. यंदा परत रजा मिळतेय पण ठरत नाहीये. एक मन म्हणतं तिथेच जा, तोच रस्ता तीच दिंडी. दुसरं म्हणतं तेच ते काय परत, यंदा देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर जा, नाहीतर त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांच्या. मैत्रीण तर नर्मदा परिक्रमेलाच चल म्हणून मागे लागलीय. खरं सांगू का, भीती एवढीच आहे की परत गेले आणि गेल्या वर्षीसारखं वाटलंच नाही तर? मग ती आठवणही हातची जाईल. काय करू?

उत्तर: आधी भीतीचं बोलूया कारण बाकी सगळं त्यावरच अडलंय. गेल्या वर्षीसारखं वाटणार नाहीच, हे धरूनच निघा. पहिल्या वेळी दिवे घाट चढून वर गेल्यावर मागे वळून ती खालपासून वरपर्यंतची माणसांची रांग बघितली की जे होतं ते पहिल्यांदाच होतं. पण पहिल्या वारीत आपला अर्धा जीव कुठे असतो ते पण आठवून बघा. पायाच्या फोडांत, आंघोळीला पाणी कुठे मिळेल या चिंतेत, आपल्या दिंडीचा ट्रक कुठे लागलाय ते शोधण्यात, आणि सकाळी अंधारात सामान आवरून ट्रकमध्ये टाकायला उशीर तर होणार नाही ना या धसक्यात. अभंग कानावर पडत असतात पण आत जातीलच असं नाही. दुसऱ्या वर्षी ही सगळी धावपळ अंगवळणी पडलेली असते आणि मग ऐकू यायला लागतं. दिंडीत रोज काहीही गात नाहीत, वाराचे अभंग ठरलेले असतात, सोमवारचे वेगळे मंगळवारचे वेगळे, वाटचालीचा क्रमही लावलेला असतो, हे पहिल्या वर्षी कोणी सांगितलं तरी डोक्यात बसत नाही, दुसऱ्या वर्षी मात्र पुढचं चरण आपल्याच तोंडात येतं आणि शेजारची आजी वळून बघते. त्या आनंदाची तुम्हाला अजून कल्पनाच नाहीये आणि तो मिळायच्या आधीच तुम्ही रस्ता बदलायला निघालात, म्हणून मी स्पष्टच सांगते, यंदा परत माऊलींबरोबरच जा, आणि जमलं तर त्याच दिंडीत.

वारीत निदान तशीच पद्धत आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिंडीत चालणारी घरं आहेत. त्या दिंडीची जागा ठरलेली, रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा नंबर ठरलेला, कोणी कोणाच्या पुढे घुसत नाही. 1832 च्या सुमाराला हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचं रूप दिलं आणि तेव्हापासून ही शिस्त चालत आलीय. तळावर संध्याकाळी समाजआरती होते ती गेल्या वर्षी तुम्ही लांबून बघितली असेल किंवा थकून राहुटीत पडलेल्या असाल. यंदा जवळ जाऊन उभ्या रहा. चोपदारांनी, म्हणजे सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्यांनी, हातातला चोप (दंड) वर केला की तो एवढा मोठा जमाव गप्प होतो, हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं, आणि एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर त्या दिंडीचे टाळ थांबतच नाहीत, वाजतच राहतात, मग तिथे जाऊन त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. माइक नाही हातात काही नाही पण शेवटच्या माणसाचंही ऐकलं जातं. मला तरी अख्ख्या वारीत हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, माऊलींचा अश्व धावतो त्या रिंगणापेक्षाही.

फक्त एक बदल करा. गेल्या वर्षी भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याच्या वर्गणीचे, पैसे भरून चाललात ना, यंदा भिशी भराच पण एखादं काम मागून घ्या. भाजी चिरायला बसा, पंगतीत वाढा, म्हाताऱ्या बायकांचे अंथरूण-पांघरूण ट्रकमधून उतरवून द्या, किंवा तुळस डोक्यावर घेऊन एखादा टप्पा चाला. दिंडीप्रमुखांना आधी फोन करून सांगा की मला काम द्या, ते नाही म्हणणार नाहीत. काम अंगावर असलं की गेल्या वर्षीसारखं वाटतंय का नाही हे तपासत बसायला वेळच मिळत नाही.

आता दुसऱ्या पालख्यांबद्दल. जाऊच नका असं मी म्हणत नाहीये, जा, पण तुमचं तिथे काहीतरी असलं पाहिजे. इथली झाली आता तिथली, अशी यादी पुरी करायला नको. तुमच्या माहेरचं किंवा सासरचं गाव कुठल्या पालखीच्या वाटेवर आहे का बघा. घरात कोणी आधी वारी करत होतं का, कोणाबरोबर करत होतं ते विचारा. तुकोबांच्या वाटेवर गाव असेल तर अवश्य तिकडे जा, पुण्यापासून ती वाट वेगळी होते, लोणी काळभोर, यवत, वरवंड करत रोटी घाट चढून बारामती, मग इंदापूर, सराटीला नीरास्नान आणि अकलूज. काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते माऊलींच्या वाटेवर नाही. माऊलींकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण तसं तुकोबांकडे बेलवाडीचं गोल रिंगण. हा सोहळा माऊलींच्या सोहळ्याहून जुना, तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली सुरू केलेला. दिवस जवळपास तेवढेच लागतात, देहूचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीचं आणि आळंदीचं अष्टमीचं, त्यामुळे रजेचा हिशोब बदलत नाही.

निवृत्तीनाथांची आणि मुक्ताईची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्र्यंबकेश्वरहून पंचवीस दिवसांच्या वर लागतात आणि मुक्ताईनगरहून महिन्याच्या आसपास, शेगावहून गजानन महाराजांची पालखी तर 700 किलोमीटरच्या वर चालते. गर्दी कमी, पण सोयीही त्यामानाने कमी, आणि ऊन जास्त कारण या पालख्या आधी निघतात, पाऊस पडायच्या आत. नोकरीतून एवढी रजा मिळणं अवघड आहे, तेव्हा ते पुढे कधीतरी. लहान पालखीचा अनुभव हवाच असेल तर सासवडहून सोपानकाकांची पालखी आहे, अंतर कमी आणि वाटही वेगळी. शेवटी सगळे पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला भेटतातच, कुठूनही निघा.

एक पर्याय तुम्ही लिहिलाच नाही आणि तो मला फार आवडतो. परतवारी. आषाढी झाली की बहुतेक लोक एसटी नाहीतर गाडी पकडून घरी येतात, पण पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्यावर पालखी परत आळंदीला चालत येते, साधारण दहा-अकरा दिवसांत. म्हणजे रोजचं अंतर जास्त, वेग जास्त, आणि बरोबर माणसं अगदी थोडी. जाताना ज्या गावात पाय ठेवायला जागा नव्हती त्याच गावात आता देवळात बसून निवांत हरिपाठ होतो, पेरण्या झालेल्या असतात, रस्त्याच्या कडेचे स्टॉल मंडप सगळे गेलेले असतात. रस्ता तोच आणि तरी अनुभव नवा, तुमची दोन्ही मनं यात बसतात. एखाद्या वर्षी जाताना जमलं नाही तर नुसतं येताना चाला. मात्र चालायची सवय पाहिजे, मागे पडलात तर सावरून घ्यायला दिंड्यांची ती मोठी रांग नसते.

नर्मदा परिक्रमेचं मैत्रिणीला प्रेमाने नाही सांगा, निदान यंदा. ती वारीची पुढची पायरी आहे असं बरेच जण समजतात पण तसं काही नाहीये, ते वेगळंच व्रत आहे. वारीत आपण हजारोंच्या मधे, तिथे बहुतेक वेळ एकटे नाहीतर दोघे-तिघे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, समुद्राजवळ विमलेश्वरहून मिठीतलाईला नावेने जायचं, चातुर्मासात एका जागी थांबायचं. परंपरेने तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस, आणि आजचे लोक भराभर चालले तरी महिने लागतातच. पंधरा-अठरा दिवसांच्या रजेत तिचा एक तुकडा होईल फक्त. चव घ्यायचीच असेल तर गुजरातमधे तिलकवाडा-रामपुरा भागात चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमा असते, साधारण 20 किलोमीटरची, एका दिवसात होते. ती दोघी मिळून करून या, आषाढीच्या आड येत नाही.

आणि रजेचा अर्ज टाकायच्या आधी पंचांग बघा. गेल्या वर्षीच्या तारखा धरून चालत नाही, 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे आषाढी एकादशी 25 जुलैला आहे, म्हणजे जूनमध्ये रजा टाकाल तर पालखी निघालेलीच नसेल. तिथीची वृद्धी-क्षय झाली की लोणंद, फलटणचे मुक्कामही कमी-जास्त होतात, त्यामुळे संस्थानचं वेळापत्रक आलं की त्यावरूनच ठरवा. आषाढाच्या आधी अधिक महिना आला की वारी भर पावसात येते, तेव्हा प्लास्टिकचा मोठा कागद आणि ओले झाले तरी चावणार नाहीत असे वापरातले सँडल, नवे बूट अजिबात नको.

प्रश्न: आईचं वय 68 आहे, गुडघे दुखतात, तरी वारीत एक दिवस तरी चालायचंच म्हणते. कुठला टप्पा निवडावा?

उत्तर: आधी डॉक्टरांना विचारा, त्यांनी हो म्हटलं तर जेजुरी ते वाल्हे. साधारण 12 किलोमीटरचा टप्पा आहे, चढ फारसा नाही. पुणे ते सासवड मात्र नको, 30 किलोमीटरच्या आसपासचा तो टप्पा आणि त्यात दिवे घाट, शिवाय तो दिवस बहुतेक एकादशीचा येतो, आईंना उपास असेल. वाखरी ते पंढरपूर अंतर कमी म्हणून लोक तो निवडतात पण त्या दिवशी गर्दी इतकी असते की बसायला जागा मिळत नाही आणि वेळ कितीही लागू शकतो. जेजुरीला आदल्या रात्री मुक्काम करा, कारण पालखीच्या दिवशी रस्ते गाड्यांना बंद असतात आणि सकाळी पोचणं होत नाही. आईंना एकटं सोडू नका, त्यांच्या पिशवीत तुमचा फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा. चालवेना झालं तर वाटेत वैद्यकीय मदतीची केंद्रं असतात, तिथे बसवा, आणि उरलेली वाट त्यांनी चाललीच पाहिजे असा आग्रह तुम्हीही धरू नका आणि त्यांनाही धरू देऊ नका.