पुणं सोडायच्या आदल्या दिवशी

माउली,
राम कृष्ण हरी.

वारीत पुण्याचा निरोप दशमीलाच घे, मुक्कामाच्या दिवशी. एकादशीला पहाटे माउलींची पालखी भवानी पेठेतून हलली की पुण्यासाठी सवड उरत नाही. सासवडचा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट.

मात्र निरोपाच्या नावाखाली शनिवारवाडा, तुळशीबाग, पर्वती हिंडू नकोस. विश्रांतीच्या दिवशी पायपीट झाली की पाय सुजतात आणि दुसऱ्या दिवशी रोजचीच चप्पल चावते. जवळच नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला तुकोबांच्या पालखीचं दर्शन घे, घरच्यांना तिथेच बोलाव, भेट आणि परत ये. घरून कौतुकानं नवे बूट आणतील, ते तसेच परत पाठव. संध्याकाळी नखं सरळ कापून घे. निघताना टाचेला टेप लाव, बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना व्हॅसलीन.

त्यात बहुधा उपवास. वाटेत पुणेकर हाताला धरून खिचडी वाढतात. घाटाआधी पोटभर खाल्लीस तर चढावर जीव नकोसा होतो. राजगिऱ्याचा लाडू, केळं, मूठभर शेंगदाणे, असं दर तासा-दीड तासानं थोडं थोडं खा. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (उपवासाला सैंधव चालतं), चमचा चहाचा. एकदम ढोसू नकोस, घोटघोट घे.

हडपसरला वाटा फुटतात: तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे, आपली उजवीकडे सासवड रस्त्याला. नवखे चुकतात ते इथेच. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून दिंडीचा क्रमांक, ती रथापुढे की रथामागे आणि दिंडीचालकाचा नंबर कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेव. कोण हरवतंय, असं सगळ्यांनाच वाटतं!

वडकीच्या विसाव्याला मोजे काढून पाय कोरडे कर. फोड आला असेल तर फोडू नकोस. फुटलाच तर धुऊन वरची कातडी तशीच राहू दे, पट्टी बांध. फुगडीचा मोह घाट संपेपर्यंत आवर. चढावर रथाला जादा बैलजोड्या लावतात, तेव्हा रथाला नि बैलांना वाट मोकळी ठेव. वर पोचल्यावर मागं वळून पाहायचं असेल तर रस्त्याच्या कडेला हो. मधेच थांबलास तर मागची रांग अंगावर येते.

कोरडे मोजे, पट्ट्या आणि चादर खांद्यावरच्या पिशवीत असू दे. सामानाचा ट्रक सासवडला कधी पोचेल, याचा भरवसा धरू नकोस.