चिठ्ठीवर पुढची तारीख आहे का?

विट्याच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यामुळं तुम्ही सगळे कोइमतूरला आणि सासूबाई गावी एकट्या. दीड वर्षापासून त्यांची छाती धडधडते, पोटात आग पडते, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. ईसीजी, इको, दुर्बीण घालून पोटाची तपासणी, सगळं नॉर्मल आलं. वीस वर्षांपासूनचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "काही नाही, मनाचं आहे." अकरा महिने रात्रीची एक गोळी चालू आहे. आता त्या विसरायला लागल्यात आणि मागच्या महिन्यात मोरीत पडल्या. तुम्ही विचारताय, फॅमिली डॉक्टरांना मानसिक आजारातलं कितपत कळतं, आणि त्यांच्यावरच सोडावं की मिरजेला मानसोपचारतज्ज्ञाकडं न्यावं.

मी डॉक्टर नाही. सांगलीत ३१ वर्षं मेडिकलचं दुकान चालवतोय. पण गावातल्या डॉक्टरांची अक्षरं लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कोण काय लिहितो, किती दिवस लिहितो आणि पेशंट परत कधी येतो, हे सगळं आपोआप दिसत राहतं. त्यावरून सांगतो. माझ्याच घरातलं एक प्रकरणही सांगणार आहे, त्यात माझी चूक होती.

आमच्याकडं कुणी "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. म्हणतात, जीव घाबरा होतोय, करमत नाही, अंग कसंनुसं होतंय, डोकं बधीर झालंय, हातापायाला मुंग्या येतात, गॅस डोक्यात चढलाय. आणि मागतात काय, तर सलाईन. २०१९च्या महापुरानंतर तीन-चार महिने रात्री पाऊस वाढला की दुसऱ्या दिवशी झोपेच्या गोळीला गिऱ्हाईक वाढायचं. माणसं रात्रभर मोबाईलवर आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत बसलेली असायची. डॉक्टरकडं गेल्यावर त्यातला एकही पुराचं नाव काढत नसे. सगळे ॲसिडिटीच सांगायचे. सकाळच्या ओपीडीत साठ-सत्तर नंबर लागलेले असताना डॉक्टर तरी ॲसिडिटीच्या मागं काय आहे ते कधी उकरणार?

शिक्षणाचीही एक अडचण आहे. एमबीबीएसला मानसोपचार हा विषय मेडिसिनच्या पोटात बसवलेला, त्याची वेगळी परीक्षा नाही, वॉर्डातली पोस्टिंगही मोजक्या आठवड्यांची. आणि तालुक्याच्या गावात आपण ज्यांना फॅमिली डॉक्टर म्हणतो त्यातले कितीतरी बीएएमएस (आयुर्वेदाचे) नाहीतर बीएचएमएस (होमिओपॅथीचे) असतात. ते वाईट डॉक्टर असतात असं मी अजिबात म्हणणार नाही, काहींचा हात लागला की माणूस निम्मा बरा होतो. पण मनाच्या आजाराचं जे काही येतं ते बहुतेकांनी स्वतःच्या पेशंटवरच शिकलेलं असतं.

हे फक्त आपल्याकडंच असं नाही. २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळ्या देशांतल्या ४१ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. त्यात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना नैराश्याचे साधारण निम्मेच पेशंट नेमके ओळखता आले, असं दिसलं. आमच्या डॉक्टर मित्रांना हा आकडा सांगितला की ते रागावतात, आणि मग चहा मागवतात.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोव्यातली पाहणी. २०१० साली ती 'लॅन्सेट'मध्येच छापून आली. तिथं सरकारी आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना डॉक्टरांच्या मदतीला बसवलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर सरकारी केंद्रांत मोठा फरक पडला होता. नेहमीच्या उपचारांवर शंभरातले ४२-४३ बरे झाले होते, समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६६. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असो वा नसो, बरं होण्याचं प्रमाण सारखंच होतं, ६५च्या आसपास. मी याचा अर्थ असा लावतो की ज्या डॉक्टरला तुमच्या सासूबाईंच्या घरातलं बारसं आणि बारावं दोन्ही माहीत आहे, त्याच्याकडं आधीच असं काहीतरी असतं जे बाहेरून आणून बसवावं लागत नाही. म्हणून त्या डॉक्टरांना सोडा, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता घरचं. माझा धाकटा भाऊ तासगाव भागात द्राक्षबाग करतो. २०१०च्या हंगामात फुलोऱ्यातल्या पावसानं घड कुजले आणि तो हळूहळू बसलाच. बागेत जाईना, दाढी करीना, जेवणात लक्ष नाही. आमच्या डॉक्टरांनी पाच-सहा महिने पित्ताच्या गोळ्या, ताकदीची इंजेक्शनं आणि दोनदा सलाईन दिलं. आईनं एका देवरुष्याकडून उतारा करून आणला तो वेगळाच. रात्री झोप येत नाही म्हणून भाऊ माझ्याकडंच अल्प्राझोलामची पट्टी मागायचा आणि मी द्यायचो. चिठ्ठीशिवाय द्यायची नसते हे मला पाठ होतं, पण भाऊ होता ना. अर्ध्याची एक झाली, एकाच्या दोन झाल्या, आणि संध्याकाळी त्यावर थोडी दारू. त्या दोन्हीची जोडी श्वास बंद पाडू शकते, हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी ओरडून सांगितलं असतं.

शेवटी डॉक्टरांच्या लक्षात आलं, त्यांनी नैराश्याची गोळी सुरू केली. तीन आठवड्यांत भाऊ उठला. आईनं सांगलीच्या गणपतीला पेढे ठेवले. पुढच्या पंधरा दिवसांत त्यानं चार एकर नव्या मांडवाचा ॲडव्हान्स दिला, बैलजोडी घेतली, रात्री दोनला लोकांना फोन करून निर्यातीचे भाव सांगायला लागला. दोन तास झोपायचा आणि थकायचा नाही. घरचे म्हणत होते, पोरगं सुधारलं. तो उन्माद होता. आजार नुसत्या नैराश्याचा नव्हताच, बायपोलर होता, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा उन्माद, आणि अशा माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नैराश्याची गोळी दिली की कधी कधी गाडी अशी उलट्या बाजूला जाते.

डॉक्टर चुकले का? त्यांनी विचारायला हवं होतं, पूर्वी कधी उलट दिवस आले होते का म्हणून. पण लग्नाच्या आधी भाऊ एकदा पंधरा दिवस न झोपता मोठमोठे बेत करत फिरला होता आणि सोयरीक मोडू नये म्हणून आम्ही ते झाकून ठेवलं होतं. डॉक्टरांना ते कळणार कुठून? मी तरी अजून त्या माणसाला पूर्ण दोष देऊ शकत नाही.

पुढचा भाग कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध सुरू केलं आणि सगळं स्थिरावल्यावर भावाला पुन्हा त्याच फॅमिली डॉक्टरकडं पाठवलं, सोबत एक पानाचं पत्र देऊन. रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉइड, किडनी ठरावीक महिन्यांनी बघायची आणि अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या लिहायच्या नाहीत, कारण त्यानं लिथियम रक्तात साठतं. उन्हाळ्यात बागेत काम करताना पाणी कमी पडलं तरी तेच होतं. ते पत्र डॉक्टरांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. आज चौदा वर्षं तेच बघतायत, आणि चांगलं बघतायत. भाऊ बाग करतो. एप्रिल छाटणीला मजुरांवर ओरडतो तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघतो, पण तेवढं चालायचंच.

आता सासूबाईंचं.

आधी त्या गोळीचं नाव बघा. अकरा महिने रात्री एक, तर माझा अंदाज एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी. आपल्या भागात ती भरपूर लिहिली जाते. त्यातलं पहिलं औषध नैराश्याचं आणि चिंतेचं आहे, ते महिनोन् महिने घ्यावंच लागतं. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही निदान सहा-नऊ महिने चालू ठेवतात. दुसरं झोपेचं, सवय लावणारं. ते सुरुवातीचे दोन-चार आठवडे आधाराला ठीक. साठीपुढच्या बाईला अकरा महिने दिलं तर विसरणं, तोल जाणं, मोरीत पडणं, हे सगळं त्याच्या खात्यावर असू शकतं. दोन्ही एकाच गोळीत असल्यामुळं एक चालू ठेवून दुसरं कमी करता येत नाही, हीच खरी पंचाईत. उद्यापासून गोळी बंद असं मात्र कुणी करू नका. एकदम तोडली तर झोप पार उडते, हात थरथरतात, काहींना फिटसुद्धा येते. डॉक्टर दोन्ही औषधं सुटी करून झोपेचं हळूहळू उतरवतील. तसं म्हणायला तुम्ही लाजू नका.

दुसरं, बीपीची गोळी चालू आहे का ते सांगा. त्यात लघवी जास्त करणारं औषध मिसळलेलं असेल तर वयस्कर बायकांत रात्रीच्या त्या गोळीसोबत रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि त्यानंही माणूस गोंधळतो, पडतो. सोडियमची तपासणी स्वस्त आहे. सोबत थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर करून घ्या. थायरॉइड आळसावला की माणूस हुबेहूब उदास दिसतो. बी-१२ आपल्या शाकाहारी घरांत बऱ्याचदा कमी असतं, त्याच्या गोळ्या मी रोज विकतो.

पहाटे तीनला जाग येणं, सकाळी सगळ्यात वाईट वाटणं आणि दिवस चढेल तसं थोडं बरं वाटणं, असं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, ते नैराश्याचं नेहमीचं लक्षण आहे. नैराश्य ओळखायची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी मराठीत आहे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दहा किंवा जास्त झाले तर लक्ष द्यायला हवं. यादी भरून डॉक्टरांपुढं ठेवली की त्यांचा वेळ वाचतो आणि "मनाचं आहे" या दोन शब्दांच्या पुढं बोलणं सरकतं. मनाचं आहे म्हणजे काही नाही असं होत नाही. डॉक्टरांच्या तोंडून ही दोन वाक्यं एका दमात निघतात, तिथंच माझं त्यांच्याशी भांडण आहे.

एकट्या राहण्याचं औषध माझ्या दुकानात नाही. विट्याच्या आसपास अशी कितीतरी घरं आहेत, वर स्लॅब, दाराला ग्रॅनाइट आणि आत एक म्हातारी. दिवाळीला नाहीतर जत्रेला पंधरा दिवस घर भरतं, आणि त्यानंतरच्या महिन्यात यांच्या चिठ्ठ्या वाढतात. याबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको.

डॉक्टर बदलायचा की नाही, त्याची माझी साधी कसोटी आहे. चिठ्ठीवर पुढची तारीख आहे का? ज्यांना या आजारातलं थोडंफार कळतं ते पहिली चिठ्ठी आठ-पंधरा दिवसांची लिहितात, परत बोलावतात, दोन महिन्यांत उतार नाही पडला तर स्वतःहून तज्ज्ञाचं नाव देतात. ज्यांना कळत नाही त्यांच्या चिठ्ठीवर "चालू ठेवा" असतं. अशी लॅमिनेट केलेली चिठ्ठी घेऊन एक गृहस्थ चार वर्षं माझ्याकडं येत होते.

काही बाबतीत मात्र फॅमिली डॉक्टरांची वाट बघू नका, सरळ तज्ज्ञाकडं. आवाज ऐकू येणं, घरच्यांवर विष घातल्याचा संशय, जेवण तोडणं, बाळंतपणानंतर आईचं बदलणं, पूर्वी कधी भावासारखं झालेलं असणं. आणि मरणाच्या गोष्टी. "जगून काय करू" असं सासूबाई म्हणाल्या असतील तर स्पष्ट विचारा, जीव द्यायचा विचार येतो का म्हणून. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि घरात शेताची औषधं असतील तर आजच भावकीतल्या कुणालातरी ती उचलून कुलपात ठेवायला सांगा. हे काम तज्ज्ञाच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबवू नका.

गावात कळेल म्हणता. ताई, मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. मिशन हॉस्पिटलच्या काळापासून कर्नाटकातनं सुद्धा माणसं येतात. "मिरजेला दवाखान्यात चाललोय" म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही, गुडघा का डोळा ते. पैशाची अडचण असेल तर सिव्हिलला केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं. तोपर्यंत मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सासूबाईंना तो लावून देण्याआधी तुम्हीच एकदा कोइमतूरहून लावून बघा.

गोळीचं नाव कळवलंत तर पुढचं सांगतो. पट्टीचा फोटो काढताना मागची, चांदीसारखी बाजू काढायला सांगा, औषधाचं नाव तिथं छापलेलं असतं. आणि डॉक्टर पुडीत बांधून सुट्या गोळ्या देत असतील तर शेजारच्या मुलाला पाठवून एवढंच मागा: "आईंना मिरजेला दाखवायचंय, चालू गोळ्यांची नावं कागदावर लिहून द्या." बरेच डॉक्टर ते लिहिता लिहिताच कुणाकडं न्यायचं तेही सांगतात.