‘हे सगळं कशासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर चौदा दिवसांच्या वहीत

“कर्ज फिटत आलंय, मुलगा अभ्यासात बरा आहे, घरात कटकट नाही. तरी रात्री आडवा झालो की वाटतं, हे सगळं मी कशासाठी करतोय?” चाळिशीतली माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकायला मिळतंच. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्नही असतो: “नोकरी सोडू का?”

इथे दिलेली गोष्ट अशाच एका गृहस्थांची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एकत्र गुंफले आहेत. वय ४४, राहायला चिंचवड, चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स विभागाचे प्रमुख. सगळा महिना तारखांना बांधलेला. ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, ११ ला विक्रीचं जीएसटी विवरण (जीएसटीआर-१), २० ला कराचं मासिक विवरण (३बी). रोज कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन अडीच तास. पत्नी शिक्षिका, मुलगा नववीत. गावी, कोरेगाव तालुक्यात, वडिलोपार्जित दोन एकर जमीन चुलतभाऊ कसतो. राजीनामा देऊन तिथे आल्याची शेती करायची, हा विचार त्यांच्या मनात वर्षभर घोळत होता.

उद्देश हरवल्याची तक्रार आली की आधी शरीर आणि मनःस्थिती तपासून घ्यावी लागते. नैराश्यातही सगळं निरर्थक वाटतं, आणि तिथे जीवनमूल्यांवर चर्चा करत बसलं तर उपचार लांबतात. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी त्यासाठी उपयोगी पडते. तिचे गुण ० ते २७ असतात. १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणं योग्य. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय दुसरं काहीही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यावर बोलायचं. या गृहस्थांचे गुण ८ होते, नववा प्रश्न शून्य. फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतलं. बी-१२ कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. झोप जेमतेम साडेपाच तास होती. थकवा आणि पोकळपणा आतून सारखेच वाटतात, म्हणून ही पायरी कधीही गाळू नये.

“तुमच्या आयुष्याचा उद्देश काय?” हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला नाही. दमलेल्या माणसाला तो विचारला की एकतर गप्प बसणं होतं, नाहीतर कुठेतरी ऐकलेलं भारी वाक्य उत्तर म्हणून येतं. डोकं खाजवून उद्देश सापडत नाही. आपण आधीपासून जे करतो आहोत त्यातला कुठला भाग जिवंत आहे, हे नोंदीतून दिसतं. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या १९७९ च्या नैराश्यावरील उपचारपद्धतीत रोजच्या कामांची नोंद ठेवून प्रत्येक कामाला दोन गुण द्यायला सांगितलं आहे: आनंद किती मिळाला आणि जमल्याचं समाधान किती. आम्ही समुपदेशक तीच पद्धत थोडी सोपी करून वापरतो.

खिशात मावणारी वही घ्यायची. फोनमध्ये नोंद नको, कारण फोन उघडला की नोंद राहते बाजूला. चार रकाने आखायचे: काय केलं, किती मिनिटं, मजा ०–१०, समाधान ०–१०. नोंद दिवसातून तीनदा करायची, जेवणाच्या सुट्टीत, घरी पोचल्यावर आणि झोपण्याआधी. एकदम रात्री लिहिलं तर दमलेलं मन सगळ्या दिवसाला एकच रंग फासतं. चौदा दिवस हवेत, म्हणजे दोन शनिवार-रविवार येतात आणि कामाचा एखादा तापलेला दिवसही येतो.

पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी जवळपास सगळ्यांच्या वाया जातात, यांच्याही गेल्या. “ऑफिस, ९ तास, २, ३” अशी ओळ काहीच सांगत नाही. म्हणून एक नियम घातला: तासाभरापेक्षा मोठी नोंद चालणार नाही. नऊ तासांचे तुकडे झाले आणि त्यात फरक दिसू लागला.

त्याच आठवड्यात फोनचाही हिशेब काढला. सेटिंगमध्ये रोजचा वापर दिसतो. यांचा सरासरी चार तासांच्या थोडा वर होता आणि त्यातला जेमतेम पाऊण तास कामाचा. वेळेपेक्षा मोठं नुकसान तुकडे पडण्याचं असतं. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, हे संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मधल्या संशोधनात दाखवलं. बसमध्ये दर दोन मिनिटांनी ग्रुप बघणाऱ्याला तास-सव्वा तास मोकळा असूनही त्यात एकही विचार शेवटापर्यंत नेता येत नाही. “स्वतःसाठी वेळच मिळत नाही” ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

फोनवरचे सगळे ॲप एका रात्रीत काढून टाकायला आम्ही सांगत नाही. चार-पाच दिवसांत ते परत येतात, कारण सवयीचं निमित्त जागच्या जागी असतं: जेवण झालं, सोफ्यावर टेकलो, हात खिशात गेला. यांनी चार गोष्टी केल्या. व्हॉट्सॲपचे घर आणि कामाचे दोन सोडून बाकी सगळे ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकले. फोन वाजण्याची परवानगी फक्त कॉल, बँक आणि घरच्यांना दिली. चार्जर हॉलमध्ये नेला आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवलं. बसमध्ये पहिली वीस मिनिटं फोन बॅगेत. सुरुवातीचे काही दिवस अस्वस्थ वाटतं, हात आपोआप खिशाकडे जातो, हे आधीच सांगून ठेवावं. नाहीतर माणूस समजतो की आपल्याला जमत नाही.

चौदा दिवसांनी वही उघडून, ज्या नोंदीत दोनपैकी एक तरी आकडा ७ किंवा जास्त आहे तिच्याखाली पेनाने रेघ मारायला सांगितली. अकरा रेघा निघाल्या. महिना नोव्हेंबरचा होता. वरच्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून काढून दिला, ३५ मिनिटं, मजा ८, समाधान ९. चुलतभावाकडून फोनवर रब्बी ज्वारीचा पीक विमा अर्ज भरून घेतला, ४० मिनिटं, ६ आणि ९. विभागातल्या नव्या मुलीला २बीचा, म्हणजे पुरवठादारांच्या बिलांवरून तयार होणाऱ्या जीएसटी विवरणाचा, मेळ कसा घालायचा ते समजावलं, ७ आणि ८. मुलाबरोबर रविवारी मिसळ केली, ९ आणि ७. आणि रेघ न पडलेली एक नोंद: नोकरी सोडून शेती करणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले, एक तास दहा मिनिटं, मजा ३, समाधान १.

“पण हे सगळं किरकोळ आहे हो,” ते म्हणाले. हे वाक्यही ठरलेलं असतं. उद्देश म्हटला की लोकांना काहीतरी मोठं, घर सोडून करायचं, फोटो काढण्याजोगं अपेक्षित असतं. म्हणून हातातलं दिसत नाही. अकरांपैकी सात नोंदींत धागा एकच होता. कागद, फॉर्म, आकडे बघून बिचकणाऱ्या माणसाशेजारी ते बसले होते, आणि उठताना त्या माणसाची भीती कमी झाली होती. कॉमर्सचं शिक्षण, वीस वर्षांची नोकरी, स्वभावातला शांतपणा, सगळं तिथे एकत्र कामाला येत होतं.

मग दुसरा तक्ता भरून घेतला. मानसशास्त्रज्ञ केली विल्सन आणि सहकाऱ्यांच्या जीवनमूल्यांवरच्या प्रश्नावलीत आयुष्याची दहा क्षेत्रं आहेत: नातेवाईक, जोडीदार, पालकत्व, मैत्री, काम, शिकणं, विरंगुळा, अध्यात्म, समाज, शरीराची काळजी. प्रत्येकाला दोन आकडे द्यायचे, माझ्यासाठी ते किती महत्त्वाचं आहे आणि गेल्या आठवड्यात मी त्याला धरून किती वागलो. इथे हमखास एक गोष्ट होते. मुलाबाळांना सगळे दोन्हीकडे ९-१० देऊन मोकळे होतात. म्हणून हे आकडे वहीशी ताडून बघावेत. गेल्या आठवड्यात मुलाशी अभ्यास सोडून किती मिनिटं बोललात? मिसळीचा रविवार वगळता उत्तर होतं पंचवीस. ‘समाज’ या ओळीत त्यांनी महत्त्व ८ दिलं होतं आणि वागणं २. या दोन ओळी आम्ही कामाला घेतल्या. दहाही ओळी एकदम सुधारायला घेतल्या की एकही सुधारत नाही.

‘लोकांना मदत करायची आहे’ हे वाक्य कॅलेंडरवर लिहिता येत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘अमुक झालं की तमुक करेन’ अशी नेमकी आखणी इथे उपयोगाची ठरते. वेळ, जागा, आधीची खूण आणि पहिली कृती, हे सगळं एका वाक्यात बसवायचं. त्यांचं वाक्य असं झालं: “शनिवारी दहाचा चहा झाला की खाली सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसेन.”

आणि तिसऱ्या आठवड्यात ते कोलमडलं. उत्साहाच्या भरात त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं होतं की, कुठलाही फॉर्म असो, मी आहे. २० तारखेच्या ऐन गडबडीत फोन येऊ लागले. शनिवारचा बाजार आणि मुलाचा क्लास पत्नीच्या गळ्यात पडला. “बाहेरच्यांना वेळ आहे, घराला नाही,” असं ऐकून घ्यावं लागलं आणि त्यांनी सगळं बंद केलं. चांगल्या हेतूने सुरू केलेली कामं अशीच मोडतात. यात तीन गोष्टी चुकल्या होत्या. मर्यादा नव्हती. घरात विचारलं नव्हतं. आणि ते स्वतःच फॉर्म भरून देत होते, त्यामुळे तीच माणसं तेच काम घेऊन परत येत होती. हेतूऐवजी आणखी एक टार्गेट तयार झालं होतं.

दुरुस्ती पत्नीला सोबत घेऊन केली. महिन्यातून दोनच शनिवार, नव्वद मिनिटं, आधी नाव नोंदवलेली तीनच माणसं. फोन ज्याचा त्याच्या हातात राहील, ओटीपी तोच टाकेल, हे फक्त शेजारी बसून सांगतील. ओटीपी आणि पासवर्ड न बघण्याचा नियम स्वतःच्या रक्षणासाठीही हवा; उद्या कुणाच्या खात्यात गडबड झाली तर संशयाला जागा नको. उरलेल्या दोन शनिवारी सकाळ मुलाची. त्या सकाळी मार्कांचा विषय काढायचा नाही, ही अट मुलाने घातली होती.

राजीनाम्याचा प्रश्न उरला होता. त्यावर हो-नाही सांगणं समुपदेशकाचं काम नाही, पण मोठा निर्णय छोट्या प्रयोगाने तपासता येतो. आल्याचं पीक आठ-नऊ महिने शेतात राहतं, बियाण्याचा खर्च मोठा आणि भाव वर-खाली होणारा. व्हिडिओत हे तीस सेकंदांत उरकतं. म्हणून तीन महिने, दर महिन्याला एक शनिवार-रविवार गावी जाऊन चुलतभावाच्या हाताखाली खरं काम करायचं ठरलं. पाहुणा म्हणून जायचं नाही आणि वही न्यायची. पाणी देणं, खुरपणं याला गुण पडले ४-५. जानेवारीतल्या फेरीत भावाला रब्बीची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, ॲपवर करता यावी म्हणून ते बांधावर त्याच्यासोबत थांबले. शेजारचे तिघे येऊन उभे राहिले, दीड तास गेला. त्या नोंदीला ९ आणि १०. गावाची ओढ खरी होती, शेतीची नव्हती. राजीनामा त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला. एखाद्याच्या वहीत मातीतल्या कामालाच ९ पडतील, त्याने आकडेमोड करून खुशाल तिकडे वळावं.

नोकरीतही थोडी जागा निघाली. आपलं काम चौकटीत राहून आतून बदलता येतं, हे एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलं आहे: कामाचे भाग, कामातली नाती आणि कामाकडे पाहण्याची दृष्टी, यातलं एखादं तरी आपल्या हातात असतं. १४ तारखेला २बी आली की दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं त्यांनी हाताखालच्या दोघांना मेळ शिकवायला ठेवली. पहिले दोन महिने काम उलट लांबलं, कारण शिकणारा चुकतो. तिसऱ्या महिन्यात २० तारखेलाही ते संध्याकाळी साडेसातच्या बसने घरी निघाले.

चार महिन्यांनी पीएचक्यू-९ चे गुण ४ होते, झोप पावणेसात तास. महिनाअखेर त्यांना अजूनही आवडत नाही आणि ती आवडायला हवी असं काही नाही. मार्च तोंडावर आला होता, आणि ही घडी बहुतेकांची मार्चमध्येच विसकटते. त्यासाठी किमान पातळी आधीच ठरवून घेतली: मार्चमध्ये एकच शनिवार, अर्धा तास, एकच माणूस, मुलाबरोबर रोज रात्री दहा मिनिटं गॅलरीत, फोन हॉलमध्येच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सात दिवस वही पुन्हा भरायची आणि मगच पुढचं वेळापत्रक लावायचं. दोन आठवडे सलग कशातच मन लागलं नाही, झोप किंवा भूक गेली, किंवा जगणं नको वाटलं, तर वहीची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला आणि सोसायटीच्या ऑफिसातल्या फळ्यावरही.